अर्ध्या पॅरिशचा क्लब : मुलिनलाख्ता आणि गेलिक फुटबॉल

आडवळण

क्रीडा विभागात कुस्ती आहे, क्रिकेट आहे, खो-खोवर तर तीन धागे आहेत. गेलिक फुटबॉलवर एकही नाही. मी आयर्लंडमध्ये लाँगफर्ड कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) राहते, परिचारिकेचं काम करते. इथे येऊन अकरा वर्षं होत आली. इथल्या माणसांबद्दल मला जे काही कळलं, त्यातलं निम्मं या खेळाच्या मैदानाकडेला उभं राहून कळलं. म्हणून हा धागा, आणि तोही एकाच क्लबावर.

9 डिसेंबर 2018, रविवार दुपार. शेजारच्या आजोबांनी टीव्ही बघायला बोलावलं होतं. स्वयंपाकघरात चूल धगधगत होती, ओट्यावर फॉइलमध्ये गुंडाळलेली सँडविचेस होती, आणि टीजी-फोर या आयरिश भाषेच्या वाहिनीवर सामना लागला होता. समालोचन आयरिशमध्ये. मला दोनच शब्द कळत होते: 'कूल' म्हणजे गोल आणि 'कूलीन' म्हणजे पॉइंट. आजोबा एरवी घडाघडा बोलणारे. त्या दिवशी तासभर तोंडातून शब्द नाही. चहाचा मग दोन्ही हातांत धरलेला आणि तो चहा थंडगार होऊन गेलेला.

लेन्स्टर प्रांताच्या क्लब अजिंक्यपदाची ती अंतिम लढत होती. एका बाजूला डब्लिनचा किलमाकुड क्रोक्स, हजारो सभासदांचा, देशातल्या सगळ्यांत मोठ्या क्लबांपैकी एक. दुसऱ्या बाजूला आमच्या कौंटीच्या उत्तर टोकाचा मुलिनलाख्ता सेंट कोलंबाज. त्या गावाची लोकसंख्या म्हणून तेव्हा सगळ्या पेपरांत एकच आकडा छापून येत होता: 447. त्यात तान्ही बाळंही आली आणि काठी टेकणारेही.

आता हे 'अर्धी पॅरिश' काय प्रकरण आहे ते सांगते, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

पॅरिश म्हणजे एका कॅथलिक चर्चच्या हद्दीतली वस्ती. आपल्याकडे गावाची शीव असते तसं. गेलिक खेळांचा जवळजवळ प्रत्येक ग्रामीण क्लब एखाद्या पॅरिशचा असतो. तुम्ही ज्या पॅरिशचे, त्या क्लबाचे. कोणी पैसे देऊन तुम्हाला पलीकडे नेत नाही आणि तुम्हीही सहसा उठून जात नाही. मुलिनलाख्ताची पॅरिश मात्र दोन कौंट्यांत विभागलेली आहे. एक भाग गाउना, तो कॅव्हन कौंटीत. दुसरा मुलिनलाख्ता, तो लाँगफर्डमध्ये. शिवाय कॅव्हन अल्स्टर प्रांतात येतं आणि लाँगफर्ड लेन्स्टरमध्ये. म्हणजे एकाच पॅरिशमधली माणसं, पण फुटबॉलला उतरली की एकांचा प्रांतच वेगळा. गाउनाचा क्लब वेगळा, कॅव्हनमध्ये नावाजलेला. मुलिनलाख्ताच्या वाट्याला उरली ती अर्धी पॅरिश.

मधोमध लॉख गाउना हे तळं. आयरिशमध्ये 'लॉख गाउना' म्हणजे वासराचं तळं. अर्न नदी त्यातून वाहते. तळ्यातल्या इंचमोर बेटावर जुन्या मठाचे अवशेष आहेत. तो मठ संत कोलंबाने स्थापला असं मानतात. क्लबाचं नाव त्याच संताचं.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एका संघात पंधरा जण. चेंडू व्हॉलीबॉलएवढा दिसतो, पण हातात घेतला की वजन कळतं. हातात धरून चार पावलं टाकता येतात, मग तो एकदा जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या चवड्यावर टाकून परत हातात घ्यायचा. लागोपाठ दोनदा आपटता येत नाही. गोलचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे. आडव्या दांडीच्या वरून मारला तर एक पॉइंट, खाली जाळ्यात मारला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. धावफलकावर 1-8 असं लिहिलं असेल तर एक गोल आणि आठ पॉइंट, एकूण अकरा. (2025 पासून चाळीस मीटरच्या कमानीबाहेरून मारलेल्या फटक्याला दोन पॉइंट मिळतात. 2018 मध्ये हे नव्हतं.)

हा चवड्यावरून चेंडू परत हातात घेण्याचा प्रकार मला आजोबांनीच अंगणात शिकवला. वय तेव्हा ऐंशीच्या घरात. वेलिंग्टन बूट घातलेले, आणि चेंडू दोरी बांधल्यासारखा हातात परत येत होता. म्हणाले, जनावरं गोठ्यात घालायला जाताना लहानपणी वाटभर हेच करायचो.

आता इतिहास. गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन, म्हणजे सगळे म्हणतात ती जी.ए.ए., 1 नोव्हेंबर 1884 ला टिपरेरी कौंटीतल्या थर्ल्स गावी हेज हॉटेलात स्थापन झाली. त्यानंतर काही वर्षांतच खेड्याखेड्यांत क्लब निघाले. मुलिनलाख्ताचाही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचाच. पण हे क्लब निघत होते तेव्हा माणसं जात होती. लाँगफर्डची लोकसंख्या 1841 मध्ये सुमारे 1,15,000 होती. मग बटाट्याचा दुष्काळ आला, त्यामागून बोटी आल्या, आणि हे जाणं शंभर वर्षं थांबलंच नाही. 1971 च्या जनगणनेत या कौंटीत उरले होते सुमारे 28,000. खेड्यातल्या फुटबॉल क्लबाचा इतिहास वाचताना हा आकडा शेजारी ठेवावा लागतो. संघ हरला तो खेळ वाईट होता म्हणून की मधली फळी न्यूयॉर्कला गेली म्हणून, हे नुसत्या धावसंख्येवरून कळत नाही.

मुलिनलाख्ताने लाँगफर्डचं अजिंक्यपद 1950 मध्ये जिंकलं. पुढचं 2016 मध्ये. मधे सहासष्ट वर्षं. आजोबांनी 1950 चा संघ लहानपणी पाहिलेला. त्यांच्या वर्गातले किती जण परदेशी गेले हे ते बोटांवर मोजून सांगायचे, आणि एका हाताची बोटं पुरायची नाहीत.

2016 नंतर मात्र 2017 आणि 2018, लागोपाठ तीन वर्षं कौंटी त्यांची. ही पोरं काही आकाशातून पडली नव्हती. लहान वयोगटांत पूर्ण संघ भरत नाही म्हणून मुलिनलाख्ता आणि शेजारचं अ‍ॅबीलारा यांची मुलं नॉर्दर्न गेल्स या एकत्र नावाने खेळतात. मोठी झाली की आपापल्या क्लबात परततात आणि एकमेकांविरुद्ध जीव तोडून खेळतात. संघातले काहीजण कामासाठी डब्लिनला राहणारे. आठवड्यात सरावासाठी गाडी काढून यायचं, रात्री परत जायचं, सकाळी कामावर. एक छदामही न घेता.

प्रशिक्षक मिकी ग्रॅहम हे कॅव्हनचे. कप्तान शेन मुलिगन.

तर ती अंतिम लढत. टुलामोरच्या ओ'कॉनर पार्कवर. मुलिनलाख्ताला बराच वेळ किलमाकुडला पिछाडीवर टाकता आलं नाही, पण सुटूही दिलं नाही. मागची फळी अशी चिकटली होती की डब्लिनवाल्यांना मोकळा फटकाच मिळेना. शेवटच्या काही मिनिटांत मुलिनलाख्ताला पेनल्टी मिळाली. गॅरी रॉजर्सने ती जाळ्यात घातली. अखेरचा फलक: मुलिनलाख्ता 1-8, किलमाकुड क्रोक्स 0-10. अकरा विरुद्ध दहा.

लाँगफर्डच्या कोणत्याही क्लबाने लेन्स्टर जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

आजोबांनी मग खाली ठेवला. उठले, दाराबाहेर गेले आणि कुंपणाला धरून उभे राहिले. मी मागोमाग गेले, मला वाटलं त्यांना बरं वाटत नाहीये. ते रडत होते. म्हणाले, माझ्या भावाला फोन लावून दे, बोस्टनला. तिथे सकाळ होती. फोन उचलल्यावर दोघंही बराच वेळ काही बोलले नाहीत.

---

रानजाई

फार सुंदर लिहिलंयस. शेवटाला माझ्याही घशाशी आलं. दोन प्रश्न. खेळाडूंना खरंच काहीच पैसे मिळत नाहीत? आणि कोणी लग्न करून किंवा नोकरीसाठी दुसरीकडे गेलं तर क्लब बदलतात का?

आडवळण

पगार नाही. मोठ्या कौंटी संघांतून क्रोक पार्कला ऐंशी हजार लोकांपुढे खेळणारे सुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला किंवा बांधकामावर जातात. प्रवासखर्च मिळतो, पण खेळण्याचे पैसे नाहीत. संपूर्ण संघटनाच हौशी खेळाडूंवर उभी आहे.

क्लब बदलता येतो, रीतसर अर्ज करून. पुष्कळजण नव्या गावी घर केल्यावर बदलतातही. पण खेड्यातले बरेच नाही बदलत. आमच्या वॉर्डातल्या एका सहकारी परिचारिकेचा नवरा दोन तास गाडी चालवून सरावाला येतो. तिला मी विचारलं, तुला राग नाही येत? म्हणाली, तो आला नाही तर त्या दिवशी चौदाच जण असतात.

खडूफळा

थर्ल्सचा उल्लेख आला म्हणून थोडी भर घालतो. इतिहास शिकवत होतो, त्यामुळे राहवत नाही.

मायकल क्युसॅक हा क्लेअर कौंटीतला शिक्षक आणि मॉरिस डेव्हिन हा टिपरेरीचा नामांकित धावपटू-फेकपटू, या दोघांनी पुढाकार घेतला. डेव्हिन पहिला अध्यक्ष. कॅशेलचे आर्चबिशप क्रोक पहिल्या आश्रयदात्यांपैकी, क्रोक पार्क त्यांच्याच नावाचं. खेळ हे निमित्त होतं असं म्हणणार नाही, खेळ खरोखरच महत्त्वाचा होता. पण इंग्रजांच्या खेळांबरोबर इंग्रजांचं वळणही गावोगाव पसरतंय, आपलं जे आहे ते नियमांत बसवून जपलं पाहिजे, ही भावना त्यामागे होती. पुढे ती फार कडकही झाली. सभासदाने सॉकर, रग्बी, क्रिकेट खेळायचं नाही, बघायलाही जायचं नाही असा नियम होता. 1938 मध्ये डग्लस हाइड, म्हणजे आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष आणि आयरिश भाषेसाठी आयुष्य वेचलेला माणूस, सॉकरचा सामना बघायला गेले म्हणून त्यांना आश्रयदातेपदावरून काढलं. ती बंदी उठली थेट 1971 मध्ये.

आणखी एक. अखिल आयर्लंड स्पर्धा 1887 मध्ये सुरू झाली तेव्हा कौंटीच्या नावाने उतरायचा तो कौंटी जिंकलेला क्लबच. पहिलं फुटबॉल अजिंक्यपद लिमरिकच्या कमर्शियल्स क्लबाने मिळवलं. निवडक खेळाडूंचे कौंटी संघ नंतरचे. म्हणजे क्लब ही खालची पायरी नव्हे, मूळच तिथे आहे. क्लबांची वेगळी अखिल आयर्लंड स्पर्धा मात्र 1970-71 पासून.

आपल्याशी धागा जुळतो तो असा: लोकमान्यांनी एप्रिल 1916 मध्ये बेळगावला होमरूल लीग काढली, तेव्हा 'होमरूल' हा शब्द आयर्लंडच्याच चळवळीतून आला होता. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला.

सीमाभाग

खडूफळा सर, बेळगावचं नाव काढलंत! मी निपाणीचा. नोकरीनिमित्त चार वर्षं न्यूरीला होतो, उत्तर आयर्लंडात, सीमेला लागून. धाग्यात क्रॉसमॅग्लेन आलं नाही तर धागा अपुरा राहील, म्हणून लिहितो.

क्रॉसमॅग्लेन हे दक्षिण आर्माचं छोटं बाजारगाव. सीमा हाकेच्या अंतरावर. उत्तर आयर्लंडमधल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात इथे ब्रिटिश लष्कराचा तळ आला, आणि तो आला क्रॉसमॅग्लेन रेंजर्सच्या मैदानाला खेटून. 1970 च्या दशकात मैदानाच्या जमिनीचा काही भाग लष्कराने ताब्यात घेतला. एका बाजूला गोलचे खांब, पलीकडे टेहळणीचा मनोरा. हेलिकॉप्टर उतरायचं तर खेळ थांबायचा. चेंडू भिंतीपलीकडे गेला की गेला. क्लबाने जमिनीसाठी वर्षानुवर्षं भांडण केलं आणि ती शेवटी परत मिळाली.

तो मनोरा उभा असतानाच, 1997 मध्ये, या गावाने अखिल आयर्लंड क्लब अजिंक्यपद जिंकलं. मग 1999, 2000, 2007, 2011, 2012. सहा. आणि आर्मा कौंटीचं अजिंक्यपद 1996 ते 2008 लागोपाठ तेरा वर्षं.

पहिल्या तिन्ही वेळचे प्रशिक्षक जो कर्नन, गावचेच. ते 1977 मध्ये आर्माकडून अखिल आयर्लंड अंतिम सामना खेळले होते, दोन गोल केले, तरी डब्लिनकडून हरले. 2002 मध्ये ते आर्माचे प्रशिक्षक. अंतिम सामन्यात मध्यंतराला संघ मागे. त्यांनी 1977 ला उपविजेता म्हणून मिळालेली आठवणीची पट्टी कपडे बदलण्याच्या खोलीत पोरांना दाखवली आणि भिंतीवर आपटून फोडली. आर्माने त्या दिवशी पहिल्यांदा सॅम मॅग्वायर चषक, म्हणजे अखिल आयर्लंड विजेत्या कौंटीचा चषक, उचलला.

मी सीमेवरच्या गावात वाढलो. कुठल्या राज्यात आहोत यावर घरात रोज बोलणं व्हायचं. क्रॉसमॅग्लेनच्या मैदानावर पहिल्यांदा उभा राहिलो, तिथल्या एका काकांनी हात करून दाखवलं की मनोरा इथे होता, इथून इथपर्यंत जमीन घेतली होती. त्या हाताच्या खुणा मला ओळखीच्या वाटल्या. आमचे आजोबा असेच दाखवायचे.

निळा_पतंग

मी डब्लिनच्या दक्षिण उपनगरात राहते. धागा मनापासून आवडला, पण एक बाजू राहतेय ती मांडते.

मोठा शहरी क्लब म्हणजे पैसा आणि गर्दी, आणि खरं प्रेम ते खेड्यातच, असं वाचताना वाटून गेलं. आम्ही इथे आलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची. शाळेत कोणाशी बोलायची नाही. शनिवारी सकाळी क्लबाच्या लहान मुलांच्या सरावाला नेलं. पावसात शंभर-दीडशे पोरं, आणि प्रत्येक दहा-बाराजणांमागे कोणाचा तरी बाबा किंवा आई शिट्टी घेऊन उभे. सगळे विनामूल्य. एका बाईंनी हिचा हात धरून तिला रांगेत उभं केलं आणि नाव दोनदा विचारून नीट उच्चारायला शिकल्या. आज ती चौदा वर्षांखालच्या संघात आहे. उन्हाळ्यात कूल कॅम्पला जाते, म्हणजे जी.ए.ए.चं मुलांचं शिबिर, हा 'कूल' वर आलेला गोलवाला.

मुलींच्या फुटबॉलची संघटना वेगळी आहे, 1974 मध्ये स्थापन झालेली, आणि तीही थर्ल्सला हेज हॉटेलातच. एक फरक सांगते: पुरुषांना जमिनीवरचा चेंडू सरळ हाताने उचलता येत नाही, पायाने उडवून घ्यावा लागतो. मुलींना हाताने उचलता येतो. त्यामुळे त्यांचा खेळ जास्त वाहता वाटतो, मला तरी.

शहरात आम्हा उपऱ्यांना गाव मिळतं ते या क्लबातच. किलमाकुड हरलं तेव्हा तिथेही कोणीतरी आजोबा मग हातात धरून बसले असतील.

आडवळण

निळा_पतंग, बरोबर आहे तुझं. लिहिताना माझं मन एका बाजूला होतं आणि ते तसंच राहणार, पण तुझा मुद्दा मान्य. किलमाकुडने पुढे फेब्रुवारी 2022 मध्ये अखिल आयर्लंडचा अंतिम सामना कसा गमावला ते मी पाहिलंय. काउंटी डाउनच्या किलकूने जादा वेळेच्या अगदी शेवटी गोल करून जिंकला. किलकूसुद्धा डोंगराच्या पायथ्याचं खेडं. त्या दिवशी मला किलमाकुडच्या पोरांकडे बघवलं नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी तो चषक मिळवला.

सीमाभाग, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मुलिनलाख्तालाही सीमा आहे, कौंटीची, पण तिच्यावर कधी कोणी मनोरा बांधला नाही. रस्त्यावर एक पाटी आहे तेवढीच.

आणि हो, पुढे काय झालं ते लिहायचं राहिलं. फेब्रुवारी 2019 मध्ये अखिल आयर्लंडच्या उपांत्य फेरीत मुलिनलाख्ता किलार्नीच्या डॉ. क्रोक्सकडून हरलं. एका क्रोक्सला हरवलं आणि दुसऱ्या क्रोक्सकडून हरलं. ते डॉ. क्रोक्स अंतिम फेरीत गॉलवेच्या कोरोफिनकडून हरले. कोरोफिनने 2018, 2019, 2020 असे लागोपाठ तीन अखिल आयर्लंड घेतले, जे आधी कोणत्याच क्लबाला जमलं नव्हतं.

उंबरठा

गाउना आणि कॅव्हन निघालंय तर पोलो ग्राउंड्सची गोष्ट सांगायलाच हवी. मी न्यू जर्सीला असते, इथल्या म्हाताऱ्या आयरिश मंडळींकडून ऐकून नंतर वाचून काढलेली.

1947 हे 1847 च्या दुष्काळी वर्षाचं शताब्दी वर्ष. इतकी माणसं जिथे गेली तिथेच एकदा अंतिम सामना न्यावा, म्हणून त्या वर्षीचा अखिल आयर्लंड फुटबॉल अंतिम सामना न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर झाला. 14 सप्टेंबर, कॅव्हन विरुद्ध केरी. आयर्लंडबाहेर झालेला हा एकमेव अंतिम सामना. बेसबॉलचं मैदान, तापलेली दुपार. रेडिओवर समालोचन करणारे मिहॉल ओ'हेहिर, त्यांची दूरध्वनीची ओळ ठरल्या वेळी कापली जाणार होती आणि सामना तर संपलेला नाही. ते समालोचनाच्या मधेच अनोळखी ऑपरेटरला विनवत राहिले, आणखी पाच मिनिटं द्या. ओळ चालू राहिली. कॅव्हन 2-11, केरी 2-7. कप्तान जॉन जो ओ'रायली.

आणि आडवळण, तुम्ही मिकी ग्रॅहम यांचं नाव घेतलंत. मुलिनलाख्ताचा तो विजय झाला तेव्हा कॅव्हन कौंटीच्या संघाची सूत्रंही त्यांच्याकडे आलेली होती. नोव्हेंबर 2020 मध्ये त्यांच्या हाताखाली कॅव्हनने डोनेगलला हरवून अल्स्टर जिंकलं. त्याच दिवशी टिपरेरीने मन्स्टर घेतलं. डब्लिन आणि मेयो आधीच प्रांत जिंकून बसले होते. आणि शंभर वर्षांपूर्वी, 1920 मध्ये, चार प्रांतांचे विजेते नेमके हेच होते: डब्लिन, टिपरेरी, कॅव्हन, मेयो. 21 नोव्हेंबर 1920 ला क्रोक पार्कवर डब्लिन-टिपरेरी सामना चालू असताना ब्रिटिश दलांनी गोळीबार केला, चौदा माणसं गेली, त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकल होगन. त्या घटनेची शताब्दी होती त्याच शनिवार-रविवारी हे घडलं, आणि टिपरेरीने 1920 सारखेच हिरवे-पांढरे कपडे घातले होते. असं कोणी गोष्टीत लिहिलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

खडूफळा

उंबरठा, धन्यवाद. क्रोक पार्कच्या एका बाजूच्या गॅलरीचं नाव होगन स्टँड आहे ते याच खेळाडूवरून. चषक तिथूनच दिला जातो.

रानजाई

एक प्रश्न मनातून जात नाहीये. आमचं गाव संगमेश्वराकडे. वाडीत आता गणपतीला आणि शिमग्यालाच माणसं दिसतात. पालखी उचलायला मुंबईहून पोरं येतात तेव्हा कुठे खांदे पुरतात. 447 माणसांच्या गावाने चषक जिंकला, पण दहा वर्षांनी पंधरा पोरं असतील का? क्लब बंद पडतात का?

आडवळण

रानजाई, पालखीला खांदे पुरणं हे तू अगदी नेमकं लिहिलंस. इथे हाच प्रश्न आहे, फक्त आकडा पंधराचा.

क्लब एकदम बंद पडत नाहीत. आधी लहान वयोगट शेजाऱ्यांबरोबर एकत्र करतात, नॉर्दर्न गेल्ससारखे. मग दुसरा संघ निघत नाही, राखीव माणूस उरत नाही. मग कधीतरी मोठ्यांच्या संघाचंही एकत्रीकरण होतं. त्या सभा फार जड असतात. शंभर वर्षं ज्यांना हरवायचं म्हणून पोरं पहाटे उठली, त्यांच्याच बरोबर एक जर्सी घालायची. रंग कोणाचा, मैदान कोणाचं, नाव कोणतं पुढे लावायचं. पश्चिमेकडच्या कौंट्यांत, केरीच्या टोकाला, मेयोत हे होतंय. डब्लिनच्या आसपास उलट, तिथे एकेका वयोगटात चार-चार संघ आणि मैदानं कमी.

मुलिनलाख्तात अजून पंधरा आहेत. कसे, ते जवळून बघितल्यावर कळतं. घर बांधायचं ठरलं की पोरं गावातच जागा बघतात, डब्लिनला कामावर जाऊन-येऊन करतात. शाळेत पट किती आहे हे मैदानाकडेला उभ्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ असतं. एखाद्या घरी बाळ होणार असेल तर मुलगा की मुलगी याच्या आधी, कोणत्या वयोगटात बसेल याचा हिशेब होतो. असे हिशेब मी वॉर्डात बाळंतिणीच्या खाटेशी उभं राहून ऐकलेत, आजोबा-आजींच्या तोंडून, अगदी गंभीरपणे.

सीमाभाग

ते आजोबा अजून जातात का मैदानावर?

आडवळण

तीन वर्षांपूर्वी गेले. शेवटचं वर्षभर चालवत नव्हतं, मग मीच गाडीतून न्यायचे. गाडी गोलच्या मागच्या कोपऱ्यात लावायची, तोंड मैदानाकडे, काच अर्धी खाली. पॉइंट झाला की इथे गाड्यांतून बसलेले लोक हॉर्न वाजवतात. त्यांना हॉर्नपर्यंत हात नीट नेता येत नव्हता, म्हणून मी वाजवायचे आणि ते मान हलवायचे.

अंत्ययात्रेला क्लबाची पोरं दोन्ही बाजूंनी जर्सी घालून उभी होती, चर्चपासून दफनभूमीपर्यंत. त्याला इथे मानवंदना म्हणतात, क्लबाच्या प्रत्येक जुन्या माणसाला देतात. बोस्टनचे भाऊ येऊ शकले नाहीत, प्रवास झेपणारा नव्हता. मी फोनवर त्यांना रांग दाखवत चालले. ते एकेका पोराकडे बघून विचारत होते, हा कोणाचा, हा कोणाचा. मला बहुतेकांची नावं सांगता आली.

पुढच्या रविवारी घरच्या मैदानावर सामना आहे. डब्लिनहून कोणाला यायचं असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, कॅव्हनच्या रस्त्याने या, ग्रॅनार्डनंतरचं वळण चुकतं. निळा_पतंग, लेकीला घेऊन ये. चहा मी आणते.